क्रूझचा पहिला दिवस : दुपारच्या जेवणाचे नियोजन

क्रूझवर चढण्याच्या दिवशी दुपारच्या जेवणाची जेवढी आबाळ होते, तेवढी पुढच्या कोणत्याही दिवशी होत नाही. सकाळी हॉटेल लवकर सोडलेले असते, टर्मिनलवर कागदपत्रे आणि सुरक्षा तपासणी यांत तास-दीड तास गेलेला असतो, मोठ्या बॅगा हमालांच्या ताब्यात दिलेल्या असतात आणि केबिन दुपारी एक-दीडच्या सुमारास मिळणार असते. अशा वेळी खांद्यावरच्या पिशव्या सांभाळत, अनोळखी जहाजावर, भुकेल्या मुलांना आणि थकलेल्या वडीलधाऱ्यांना घेऊन जेवणाची जागा शोधावी लागते. जहाजावर अन्न भरपूर असते, त्याची चिंता नको. कोठे जेवायचे आणि किती वाजता जेवायचे, हे मात्र जहाजावर पाऊल ठेवण्याआधी ठरलेले असावे, एवढेच या लेखात पटवून द्यायचे आहे.

उदाहरणासाठी मायामी बंदरातून होणाऱ्या कॅरिबियन सफरीचा विचार करू, कारण अमेरिकेत राहणारी अनेक मराठी कुटुंबे भारतातून आलेल्या आईवडिलांना याच सफरीवर नेतात. जहाज म्हणून रॉयल कॅरिबियनचे २०१८ साली दाखल झालेले ‘सिंफनी ऑफ द सीज’ घेऊ. एका केबिनमध्ये दोघे या हिशेबाने त्यावर ५,५१८ प्रवासी मावतात. आठवड्याच्या सफरीनंतर एवढेच प्रवासी सकाळी उतरतात आणि तेवढेच नवे प्रवासी त्याच दिवशी दुपारपर्यंत चढतात. दरम्यान केबिनची साफसफाई होते आणि पुढच्या आठवड्याचा शिधा, भाजीपाला व फळे जहाजावर चढवली जातात. म्हणूनच संध्याकाळी ज्या प्रशस्त भोजनगृहात टेबलावर बसून जेवायचे असते, ते या कंपनीच्या जहाजांवर पहिल्या दुपारी सर्वसाधारण प्रवाशांसाठी सहसा बंद असते. नॉर्वेजियन आणि डिस्ने या कंपन्यांच्या जहाजांवर मात्र पहिल्या दुपारीही एखादे बसून जेवण्याचे भोजनगृह उघडे ठेवण्याची पद्धत आहे. ज्यांच्यासोबत हातात ताट घेऊन फिरू न शकणारी माणसे आहेत, त्यांनी आरक्षण करतानाच या फरकाचा विचार करावा.

सकाळची न्याहारी आणि घरची शिदोरी

दुपारच्या जेवणाची तयारी खरे तर सकाळीच सुरू होते. जहाजावर चढण्याची वेळ आपण कंपनीच्या अ‍ॅपवर आधीच निवडलेली असते. ही निवड सफरीच्या ४५ दिवस आधी खुली होते आणि सकाळच्या वेळा लवकर संपतात, त्यामुळे ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. साडेदहा-अकराची वेळ मिळाली असेल, तर सकाळी हलकी न्याहारी पुरते. दुपारी दीड-दोनची वेळ मिळाली असेल, तर न्याहारी पोटभर करावी आणि टर्मिनलमध्ये शिरण्यापूर्वी काहीतरी खाऊन घ्यावे, कारण रांगेत किती वेळ जाईल हे कोणालाच सांगता येत नाही.

आपल्याकडे प्रवास म्हटला की दशम्या, मेथीचे पराठे आणि डब्यात बांधलेला साखरांबा ओघानेच येतो. तो अवश्य करावा, पण टर्मिनलच्या बाहेरच संपवावा. घरी शिजवलेले, नाशवंत किंवा उघडे अन्न जहाजावर नेता येत नाही, कारखान्यात बंद केलेली न उघडलेली पाकिटे तेवढी चालतात. त्यामुळे भाकरवडी, चिवडा किंवा खाकऱ्याचे सीलबंद पाकीट बॅगेत ठेवण्यास हरकत नाही, परंतु आजीने पहाटे उठून केलेले तिखटमिठाचे पराठे तपासणीच्या ठिकाणी टाकून द्यावे लागले, तर तिच्या मनाला फार लागते. आदल्या रात्री हॉटेलवर हा नियम तिला समजावून सांगावा आणि ते पराठे सकाळी गाडीत सर्वांनी मिळून खावेत.

मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या हातातल्या पिशवीत असल्या पाहिजेत, हे तर मी अगदी आग्रहाने सांगेन. हमालाकडे दिलेली बॅग केबिनच्या दाराशी पोहोचायला कधी कधी संध्याकाळ होते. जेवणापूर्वी घ्यायची गोळी त्या बॅगेत राहिली, तर समोर अन्न असूनही जेवता येत नाही.

बफे : कधी जावे आणि कधी जाऊ नये

जहाजावर पाऊल ठेवताच बहुतेक सर्व प्रवासी सोळाव्या डेकवरील ‘विंडजॅमर’ या मोठ्या बफेकडे जातात. पहिल्या दिवशी तो साधारणपणे साडेअकरा-बाराच्या सुमारास उघडतो आणि दुपारी साडेतीनच्या आसपास बंद होतो. नेमक्या वेळा त्या दिवशीच्या अ‍ॅपमध्ये दिलेल्या असतात. गर्दीचा भर साडेबारा ते दीडच्या दरम्यान असतो, कारण अकरापासून चढलेल्या सर्वांना केबिन मिळेपर्यंत दुसरे काही करण्यासारखे नसते. केबिन तयार झाल्याची घोषणा झाली की निम्मे लोक उठतात आणि दोननंतर त्याच दालनात खिडकीजवळचे टेबलही मिळते.

आमच्या पहिल्या क्रूझवर, दुसऱ्या एका कंपनीच्या जहाजावर, आम्ही नेमके पाऊण वाजता आईला बफेवर नेले होते. तेव्हा ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती. एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात ताट घेऊन ती टेबल रिकामे होण्याची वाट पाहत उभी राहिली, ताटातला भात गार झाला आणि शेवटी तिने सफरचंदाच्या दोन फोडी खाऊन जेवण आटोपले. पुढच्या वेळी, सिंफनीवर, आम्ही तिला आधी खाली थोडे खायला देऊन सव्वादोन वाजता वर नेले. बंदराच्या बाजूच्या खिडकीपाशी टेबल मिळाले. वाफाळता भात, पिवळी डाळ, पापड आणि लोणचे तिच्यासमोर ठेवले, तेव्हा तिने चमचा बाजूला सारला, डाळ-भात बोटांनी कालवला आणि पहिला घास घेऊन म्हणाली, “फोडणी आपल्यासारखी नाही, पण शिजलाय छान.” खिडकीबाहेर क्रेन कंटेनर उचलत होत्या आणि ती त्यांच्याकडे पाहत सावकाश जेवली.

म्हणून माझे मत असे आहे, की बफेवर एक तर तो उघडतानाच जावे, नाही तर दोननंतर जावे. मधल्या वेळेत वडीलधाऱ्यांना तेथे मुळीच नेऊ नये. तेथे जायचेच असेल, तर आधी दोघांनी जाऊन टेबल धरावे, वृद्धांना तेथे बसवावे आणि मगच ताटे वाढून आणावीत. प्रत्येकाने स्वतःचे ताट घेऊन बसायची जागा शोधत फिरणे हा या दुपारचा सर्वांत मोठा त्रास आहे आणि तो सहज टाळता येतो. वर जाण्यासाठी लिफ्टसमोरही दाटी असते. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी जिना वापरून लिफ्ट इतरांसाठी मोकळी ठेवावी.

दालनात शिरताना हात धुण्याची सोय असते, तेथे साबणाने हात धुतल्याशिवाय ताटाला हात लावू नये. बाटलीतले सॅनिटायझर पुरेसे आहे असे अनेकांना वाटते, परंतु जहाजांवर उलट्या-जुलाबाची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर साबण आणि वाहते पाणी यांचाच उपयोग अधिक होतो. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या क्रूझ जहाजांची तेथील सीडीसी ही आरोग्यसंस्था अचानक तपासणी करून १०० पैकी गुण देते आणि ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळालेले जहाज अनुत्तीर्ण ठरवते. हे गुण सर्वांना पाहता येतात. आरक्षणाआधी ते पाहून घेण्यास दोन मिनिटे लागतात. ताट वाढताना गरम पदार्थ खरोखर गरम आहेत आणि थंड पदार्थ थंड आहेत एवढे पाहावे. कोमट झालेला भात किंवा बराच वेळ उघड्यावर राहिलेले मेयोनेझयुक्त सॅलड मी तरी घेत नाही.

गर्दीपासून दूर असलेली ठिकाणे

सिंफनीसारख्या जहाजावर भाड्यातच समाविष्ट असलेली आणखी चार-पाच ठिकाणे पहिल्या दुपारी उघडी असतात. नव्या प्रवाशांना त्यांची माहिती नसल्यामुळे तेथे बरीच शांतता असते. माझे आवडते ठिकाण म्हणजे आठव्या डेकवरील ‘सेंट्रल पार्क’मधील ‘पार्क कॅफे’. सेंट्रल पार्क हे जहाजाच्या मधोमध, उघड्या आकाशाखाली असलेले खऱ्या झाडांचे उद्यान आहे. कॅफेत सांगाल त्या भाज्या घालून सॅलड कालवून देतात आणि त्याशिवाय सूप व सँडविचेही मिळतात. भाजलेल्या गोमांसाचे ‘कुमेलवेक’ हे तेथील सँडविच नेहमी येणाऱ्या प्रवाशांमध्ये प्रसिद्ध आहे. ज्यांना गोमांस वर्ज्य आहे त्यांनी शेजारच्या सँडविचवरची पाटी वाचूनच हात पुढे करावा. उन्हातून आल्यानंतर झाडांच्या सावलीतल्या टेबलाशी बसून खाल्लेले साधे सॅलडही मनाला बरे वाटते आणि लहान मुलांना पानांमधून दिसणाऱ्या बाल्कन्या मोजण्याचा उद्योग मिळतो.

पाचव्या डेकवरील ‘सोरेंटोज’मध्ये पिझ्झाचे तयार तुकडे मिळतात, त्यांत केवळ चीज घातलेला एक प्रकार नेहमी असतो. जहाजाचे प्रवेशद्वार याच भागात किंवा त्याच्या जवळ असल्याने, चढताच मुलांच्या हाती एकेक तुकडा देऊन पुढचे काम शांतपणे करता येते. तयार तुकडा बराच वेळ दिव्याखाली राहिलेला दिसला, तर ओव्हनमधून नवा निघेपर्यंत थांबावे, चार-पाच मिनिटांचाच प्रश्न असतो. जवळच्याच ‘कॅफे प्रोमेनाड’मध्ये छोटी सँडविचेस, बिस्किटे आणि कॉफी असते. त्यावर जेवण होत नाही, पण दोन वाजेपर्यंतचा धीर धरता येतो.

पंधराव्या डेकवर ‘एल लोको फ्रेश’ आहे. तेथे बरिटो, टाको आणि केसाडिया हे पोळीत सारण भरून केलेले मेक्सिकन पदार्थ आपल्यासमोर तयार करून देतात आणि तिखट सालसांची निवड स्वतः करता येते. भात, राजमा, काळे घेवडे, मका आणि हिरवी मिरची एकत्र आलेला हा प्रकार मराठी जिभेला फार परका वाटत नाही. मात्र मेक्सिकन पद्धतीत घोटलेल्या घेवड्यांत डुकराची चरबी घालण्याची प्रथा असल्याने शाकाहारी लोकांनी “यात प्राण्याची चरबी आहे का?” असे स्पष्ट विचारावे. सहाव्या डेकवरील ‘डॉग हाउस’मध्ये सॉसेज घातलेले पाव मिळतात. त्याच डेकवरील ‘जॉनी रॉकेट्स’चे बर्गर मात्र वेगळे पैसे देऊन घ्यावे लागतात. सोळा वर्षांखालील मुले सोबत नसतील, तर ‘सोलॅरियम’ या प्रौढांसाठी राखीव भागातील छोटा बफे उघडा आहे का, हे अ‍ॅपमध्ये पाहावे, कारण तेथे मोठ्या बफेसारखेच काही पदार्थ निवांतपणे खाता येतात.

पैसे देऊन जेवण्याची स्टेकहाउससारखी उपाहारगृहेही काही जहाजांवर पहिल्या दुपारी उघडतात आणि त्यांची जाहिरात करणारे कर्मचारी टेबलांपाशी येऊन आठवडाभराच्या योजना समजावतात. मांसाहारी जोडप्याला टेबलावर बसून, आग्रहाने वाढलेले जेवण हवे असेल, तर हा पर्याय वाईट नाही. शाकाहारी कुटुंबाने मात्र पहिल्या दुपारी त्यावर पैसे खर्च करू नयेत, कारण स्टेकहाउसच्या यादीत त्यांच्या वाट्याला फारसे काही येत नाही. अशा ठिकाणच्या बिलावर आणि विकत घेतलेल्या पेयांवर १८ टक्के सेवाशुल्क आपोआप लावले जाते. बफेवर पाणी, लिंबू सरबत, बर्फाचा चहा आणि साधी कॉफी विनामूल्य असते. कोका-कोलासारखी पेये मात्र विकत घ्यावी लागतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

शाकाहारी ताट कसे वाढून घ्यावे

या विषयावर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या लोकांची खरी अडचण येथेच होते. बफेवर भारतीय पदार्थांसाठी बहुधा एक कोपरा असतो, तेथे भात, डाळ, एखादी रस्सा भाजी आणि पापड-लोणचे सापडते. वडीलधाऱ्यांसाठी तोच कोपरा आधी शोधावा, कारण पार्क कॅफेचे सॅलड कितीही ताजे असले तरी सत्तरीच्या माणसाला ते जेवण वाटत नाही. तेथे त्याच ओळीत कोंबडीचा किंवा बकऱ्याचा रस्साही ठेवलेला असतो आणि घाईत वाढून घेणारे प्रवासी एकाचा डाव दुसऱ्यात घालतात. ज्यांना हे चालत नाही, त्यांनी पलीकडे उभ्या असलेल्या स्वयंपाक्याला विनंती करावी. आतून वेगळा वाडगा आणून देण्यास ते सहसा नकार देत नाहीत.

भाज्यांचे नाव असलेला पदार्थ शाकाहारी असतोच असे नाही, हे मी स्वतःच्या अनुभवाने शिकलो. एका जहाजावर भाज्यांचे सूप म्हणून पाटी होती, सासूबाईंनी अर्धा वाडगा संपवल्यावर चौकशी केली, तेव्हा ते कोंबडीच्या हाडांच्या पाण्यात शिजवले असल्याचे कळले. त्या काहीच बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी पुढे जेवल्या नाहीत. तेव्हापासून आम्ही पाटी वाचतो आणि तरीही विचारतो. सूपाइतकेच पाश्चात्त्य पद्धतीने शिजवलेल्या मसालेभाताबद्दल विचारावे, कारण तोही मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. सीझर सॅलडच्या रशात अँचोव्ही नावाची छोटी मासळी असते. मूस, चीजकेक आणि थरथरणाऱ्या रंगीत गोड पदार्थांत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला घट्ट करणारा पदार्थ, असू शकते. पारंपरिक परमेसान चीज वासराच्या जठरातील रेनेट या दूध विरजवणाऱ्या द्रव्याने बनवतात. बटाट्याच्या फ्राइज कोंबडीचे तुकडे तळलेल्या तेलातच तळल्या जात असतील, तर तेही विचारून घ्यावे. प्रश्न विचारताना “मी शाकाहारी आहे” एवढे सांगणे पुरत नाही, कारण अनेकांच्या कल्पनेत मासे शाकाहारात बसतात. “मांस नको, मासे नकोत, अंडे नको, मांसाचे पाणीही नको” असे एकेक नाव घेऊन सांगावे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी पहिल्या दुपारी फळे, दही, पाव, लोणी आणि सॅलड यांवरच भर द्यावा, कारण आयत्या वेळी त्यांच्यासाठी वेगळे शिजवणे गर्दीच्या दिवशी शक्य होत नाही. अशा मंडळींनी आरक्षण करतानाच कंपनीला लेखी कळवावे.

या जहाजांच्या स्वयंपाकघरांत आणि भोजनगृहांत भारतीय कर्मचारी मोठ्या संख्येने असतात, त्यांत गोव्याचे लोक विशेष आढळतात. जहाजावर नोकरी करणाऱ्या माणसाला गोव्यात तारवटी म्हणतात आणि कित्येक घरांत ही नोकरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. छातीवरच्या पट्टीवर नाव आणि देश लिहिलेला असतो. ती वाचून मराठीत किंवा कोकणीत नमस्कार केला, तर आज कोणती डाळ केली आहे आणि कोणता रस्सा टाळावा, हे तो माणूस आपुलकीने सांगतो. त्याच्यामागे सकाळपासून कामाचा डोंगर असतो, म्हणून त्याचा वेळ फार घेऊ नये आणि आभार मानायला विसरू नये.

जेवणाच्या आधीचे एक काम

संकटकाळी कोठे जमायचे याची तालीम, म्हणजे मस्टर, जहाज निघण्यापूर्वी प्रत्येकाने पूर्ण करावीच लागते. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज बुडाले, तेव्हा आदल्या थांब्यावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची तालीम झालेली नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. आता अनेक जहाजांवर फोनवर चित्रफीत पाहायची आणि आपल्या ठरलेल्या ठिकाणी जाऊन नोंद करून यायची, एवढ्यावर ही तालीम होते. चित्रफीत टर्मिनलच्या रांगेतच पाहावी आणि चढल्याबरोबर नोंद करून टाकावी. त्या वेळी तेथे गर्दी नसते, दहा मिनिटांत काम संपते आणि मग घड्याळाकडे न पाहता जेवता येते. हे काम जेवणानंतर ठेवणाऱ्यांना तीन-साडेतीनच्या सुमारास पुन्हा रांगेत उभे राहावे लागते.

समुद्र लागण्याची भीती असलेल्यांनी पहिल्या दुपारी तळलेले आणि फार तिखट खाऊ नये. जहाज बंदरात स्थिर असते म्हणून त्या वेळी काही जाणवत नाही, परंतु चार-साडेचारला ते निघाले आणि खुल्या समुद्रात आले की जड झालेले पोट त्रास देते. डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्याच्या आधी घ्यायची असते, डोके गरगरू लागल्यावर घेतली तर तिचा फारसा उपयोग होत नाही.

मुंबईहून निघणाऱ्या, कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजावर जाणाऱ्यांनाही वेळेचे हेच गणित लागू पडते, मात्र तेथे शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असल्याने ताटाची काळजी बरीच हलकी होते. हे जहाज १९९० साली बांधलेले असून पूर्वी ते रॉयल कॅरिबियनच्याच ताफ्यात होते.

पहिल्या संध्याकाळी भोजनगृहात आपल्या टेबलाची जबाबदारी असलेला मुख्य वाढपी ओळख करून घेण्यासाठी येतो. त्याच वेळी त्याला घरात किती जण शाकाहारी आहेत, कोणाला मधुमेह आहे आणि आईला रोज एक वेळ डाळ-भात लागतो, हे सांगावे. दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी वेगळी भारतीय भाजी आतून करून आणण्याची व्यवस्था तो करतो. त्यासाठी त्याला आदल्या रात्रीच कळवावे लागते, म्हणून पहिल्या रात्री टेबलावरून उठण्यापूर्वी ही विनंती करून ठेवावी.